६० मुलं, ३० तास: तोंडी संवादकौशल्य वर्गात बसवायचं कसं?

केगावकर (धागाकर्ता)

सोलापुरातल्या आणि आसपासच्या कॉलेजांत पदवीला तोंडी संवादकौशल्य शिकवणारे इथे बरेच आहेत, म्हणून थेट हिशेबच मांडतो.

दोन क्रेडिटचा कोर्स, म्हणजे व्याख्यान पद्धतीने ३० तास. वर्गात ६० जण. एकेकाने उभं राहून ५ मिनिटं बोलायचं, जागेवरून येण्याजाण्यात १ मिनिट, वर २ मिनिटं प्रतिक्रिया. ८ गुणिले ६० म्हणजे ४८० मिनिटं, ८ तास. अशा तीन फेऱ्या केल्या की २४ तास संपले आणि शिकवायला उरले ६. विद्यार्थी अख्ख्या सत्रात बोलला १५ मिनिटं आणि बाकीचा वेळ इतर ५९ जणांना ऐकत (किंवा मोबाइल बघत) बसला.

बहुतेक ठिकाणी यावर तोडगा म्हणून 'संवादाचे प्रकार, संवादातील अडथळे, देहबोलीचे महत्त्व' अशी टिपणं लिहून देतात आणि लेखी पेपर घेतात. पोहण्याच्या कोर्सला... जाऊ द्या, उपमा नकोत. प्रश्न असा: याच ३० तासांत बोलण्याची मिनिटं कशी वाढवायची, आणि गुण कशाला द्यायचे?

प्रतिसाद १ · शेंगाचटणी

१५ कुठली मालक? दर फेरीला एक मिनिट 'आदरणीय व्यासपीठ, व्यासपीठावरील मान्यवर, वंदनीय गुरुजन वर्ग' यातच जातंय की. १२ धरा.

प्रतिसाद २ · स्टॉपवॉच

हिशेब बरोबर, पण त्यात 'एका वेळी एकच बोलणार' हे गृहीत धरलंय. ते सोडलं की गणित बदलतं.

४-३-२ करून बघा. न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांच्या लिखाणामुळे ही पद्धत जगभर गेली. दोन रांगा समोरासमोर, ३०-३० जणांच्या. एक रांग बोलणारी, दुसरी ऐकणारी. बोलणाऱ्याने एका विषयावर ४ मिनिटं बोलायचं. घंटा. ऐकणाऱ्यांची रांग एक जागा सरकते, टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाला जातो. तोच विषय नव्या श्रोत्याला ३ मिनिटांत सांगायचा. परत सरकणं, आता २ मिनिटं. मग रांगांनी भूमिका बदलायच्या. सरकण्यासकट साधारण २५ मिनिटांत साठही जणांचं प्रत्येकी ९ मिनिटं बोलून होतं.

बिघडतं कुठे? एक, विषय अनोळखी दिला की. मजकूर शोधण्यातच दम जातो, ओघ सुधारत नाही. विषय माहितीतलाच हवा. दोन, हातात कागद दिला की ते वाचन होतं. तीन, मुलं दुसऱ्या फेरीत मजकूरच कापतात. आधी बजावायचं की मुद्दे तेवढेच राहतील, फक्त अडखळणं आणि पाल्हाळ कमी होईल. श्रोता दर वेळी नवा असतो म्हणून बोलणाऱ्याला पुनरुक्तीचा कंटाळा येत नाही. जोडी तीच ठेवली तर तिसऱ्या फेरीला दोघं गप्पा मारतात.

प्रतिसाद ३ · अबोली

तीस जण एकदम बोलले की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहणार, त्याचं काय?

प्रतिसाद ४ · स्टॉपवॉच

@अबोली, ताई, निम्म्या जोड्या व्हरांड्यात काढा. वर्गात दोन जोड्यांच्या मधे एक बाक रिकामा सोडा, पण जोडीतले दोघे मात्र हातभर अंतरावर. लांब बसले की आवाज चढवतात, मग शेजारची जोडी चढवते, आणि पाच मिनिटांत मंगळवार बाजार होतो. पंखे पूर्ण वेगात असतील तर एक खटका कमी करा. एप्रिलमध्ये हे सांगणं क्रूर आहे, पण सगळे पंखे फिरत असताना हळू आवाजाची मुलगी दोन हातांवरूनही ऐकू येत नाही आणि तिच्या कागदावर 'आत्मविश्वास कमी' असा शेरा पडतो.

प्रतिसाद ५ · विजापूर वेस

जोडीत कुजबुजून वक्ता होत नाही. व्यासपीठाची भीती व्यासपीठावरच जाते. आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धांनी हे काम वर्षानुवर्षं केलंय. प्रत्येक कॉलेजने दोन स्पर्धा घ्याव्यात, मुलं आपोआप तयार होतात.

प्रतिसाद ६ · उत्तर कसबा

स्पर्धेत उतरतात ते ६० पैकी चार, आणि त्यांना आधीपासूनच बोलता येत असतं. उरलेले ५६ टाळ्या वाजवायला. अभ्यासक्रम त्या ५६ जणांसाठी असतो.

दुसरं, स्पर्धेतलं भाषण बहुतांशी पाठ केलेलं असतं. पाठांतराचा दोष असा की एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं, कारण डोक्यात मुद्द्यांची नाही तर शब्दांची साखळी असते. मग वक्ता मागच्या परिच्छेदापासून परत सुरू करतो. मुलाखतीत मधेच कोणी प्रश्न टाकला तर याचा काहीच उपयोग नाही. विद्यार्थ्याने मुद्दे ठरवून यावं आणि वाक्यं तिथल्या तिथे जुळवावीत, हे शिकवायचं आहे. त्यासाठी पोस्टकार्डाएवढी तीन कार्डं पुरतात, एका कार्डावर जास्तीत जास्त सहा शब्द. पूर्ण वाक्य लिहिलेलं कार्ड परत करायचं. अपवाद दोन: सुरुवातीचं एक आणि शेवटचं एक वाक्य पाठ असलं तर चालेल. सर्वांत जास्त तंतरते ती पहिल्या अर्ध्या मिनिटात, आणि शेवट तयार नसला की 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो' येतंच.

प्रतिसाद ७ · शेंगाचटणी

दोन शब्द म्हणायचे आणि अर्धा तास बोलायचं, हे संमेलनांत चालतं. वर्गात नाही होय?

प्रतिसाद ८ · पंढरीचा टाळ

विजापूर वेस आणि उत्तर कसबा, तुमच्या भांडणात जिल्ह्यातलीच एक गोष्ट राहिली. वारकरी कीर्तनात अभंग निरूपणाला एकच असतो. कीर्तनकार एकेक चरण उलगडतो, त्याला दुसऱ्या संतांच्या अभंगाचं प्रमाण देतो, दृष्टांत सांगतो आणि परत ध्रुपदावर येतो. दीड-दोन तास समोर कागद नसतो. अभंग आणि प्रमाणं पाठ, मधलं निरूपण त्या श्रोत्यांपुरतं. म्हणजे पाठांतर आणि उत्स्फूर्तपणा यांची वाटणी तिथे आधीच झालेली आहे.

वर्गात याचं चार मिनिटांचं रूप करता येतं. एक विधान. त्याला एक आधार (आकडा, नियम, कोणाचं तरी नोंदलेलं मत). एक उदाहरण. परत विधानावर. मग दुसरा मुद्दा, तसाच. चार मिनिटांत दोनच मुद्दे बसतात, तिसरा घुसवला की दोन्ही पातळ होतात. शिक्षकाने बघायचं ते एवढंच, की उदाहरणावरून विधानावर परत आला का. बहुतेक जण उदाहरणातच राहतात.

प्रतिसाद ९ · विजापूर वेस

हे पटलं. पण टाळकरी मागे उभे असतात हे विसरू नका. कीर्तनकार दम घेतो तेव्हा ते भजन उचलतात. मुलगा एकटा उभा असतो.

प्रतिसाद १० · पद्मजा_अ

भाषेचं कोणीच बोललं नाही. आपल्या वर्गांत घरी तेलुगू बोलणारी, कन्नड बोलणारी, उर्दू बोलणारी आणि मराठी बोलणारी मुलं एकाच बाकावर असतात. 'कम्युनिकेशन' म्हटलं की व्यवस्थापनाला इंग्रजी हवं असतं. परिणाम असा, की मुद्दा मांडता न येणं आणि इंग्रजी न येणं या दोन वेगळ्या अडचणी एकाच गुणात मोजल्या जातात.

क्रम असा ठेवावा. पहिली मांडणी विद्यार्थ्याच्या सोयीच्या भाषेत, त्याच भाषेच्या जोडीदाराजवळ. तीच मांडणी, तीच कार्डं घेऊन मराठीत, मिश्र गटात. इंग्रजीचा कोर्स असेल तर तिसऱ्यांदा इंग्रजीत. रचना तिन्ही वेळा तीच असते, त्यामुळे तिसऱ्या वेळी डोकं फक्त शब्द शोधतं.

इंग्रजी उच्चारांवर फार गुण ठेवू नयेत. समोरच्याला कळतंय का, एवढाच निकष. दुरुस्त करायचंच असेल तर शब्दातला आघात करा. 'फोटोग्राफ' मध्ये जोर पहिल्या अक्षरावर आणि 'फोटोग्राफर' मध्ये दुसऱ्यावर, 'डेव्हलपमेंट' मध्येही दुसऱ्यावर. आपण सगळी अक्षरं सारख्या वजनाने म्हणतो, त्यामुळे बाहेरच्या श्रोत्याला शब्द ओळखू येत नाही. व्ही आणि डब्ल्यू यांतला फरक त्यामानाने बिनमहत्त्वाचा, वाक्याच्या संदर्भाने तो भरून निघतो.

प्रतिसाद ११ · मागावरचा

विषय! 'मोबाइल शाप की वरदान', 'स्त्री कालची आणि आजची' हे विषय बंद करा. यावर कोणाकडेच स्वतःचं सांगण्यासारखं नसतं, सगळे इंटरनेटवरचे तेच चार परिच्छेद.

प्रक्रिया समजावून सांगायला द्या. उदाहरणार्थ, जकार्ड मागावर चादरीची नक्षी कशी उठते. सांगायचा क्रम असा: मागावर नक्षीप्रमाणे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ असते. कार्डाला भोक असेल तिथे सुई आत जाते आणि तिच्याशी जोडलेला हूक जागेवर राहतो. वर जाणारी पट्टी तो हूक उचलते आणि त्याबरोबर ताण्याचा (उभा) धागा वर येतो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, हूक पट्टीवरून सुटतो, धागा खालीच राहतो. वरच्या आणि खालच्या धाग्यांमधून धोटा बाण्याचा (आडवा) धागा नेतो. एक कार्ड, एक फेक. कार्डांची माळ पुढे सरकते.

यात चुका लगेच कळतात. श्रोत्याने 'हूक म्हणजे काय?' विचारलं की वक्त्याने संज्ञा न सांगता पुढे उडी मारली हे सिद्ध झालं. आपल्या घरची कामं विषय म्हणून आली की मुलांची जीभ सुटते: मालदांडी ज्वारीची पेरणी ते मळणी, कडक भाकरी महिनाभर का टिकते, शेंगा कुटून चटणी कशी करतात. इतिहास हवा असेल तर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले सोलापूरचे चार हुतात्मे, किंवा १९३८ मध्ये चीनला गेलेले डॉ. कोटणीस. मात्र तिथे 'थोर, महान, वंदनीय' यांवर बंदी आणि घटनाक्रमावर भर.

प्रतिसाद १२ · शेंगाचटणी

चटणीवर बोलताना नमुना टेबलावर ठेवल्यास किती गुण? कुटलेलीच पाहिजे बर्का, मिक्सरची आणली तर नापास.

प्रतिसाद १३ · सात रस्ता

गुणांकडे येतो. 'देहबोली १०, आत्मविश्वास १०' असे रकाने टाळा. आत्मविश्वास दिसत नाही, दिसतात त्याची लक्षणं, आणि ती माणसागणिक वेगळी. २० गुणांची वाटणी अशी: मांडणी ६, आधार आणि उदाहरण ४, आवाज व गती ४, श्रोत्यांकडे पाहणं आणि त्यांच्यानुसार बदलणं ३, वेळ पाळणं ३.

प्रत्येक रकान्याला वर्णन हवं. मांडणीत ६ म्हणजे 'श्रोत्याला मुख्य विधान आणि दोन्ही मुद्दे न पाहता परत सांगता आले'. ४ म्हणजे 'विधान कळलं, मुद्द्यांतला संबंध कळला नाही'. २ म्हणजे 'विषय कळला, विधान कळलं नाही'. वेळेला: ठरलेल्या वेळेच्या अर्ध्या मिनिटाच्या आत ३, एक मिनिटाच्या आत २, त्यापुढे ०. मधलं काही नाही, घासाघीस नाही.

दोन परीक्षक असतील तर परीक्षेआधी तीन ध्वनिमुद्रणं (एक चांगलं, एक मध्यम, एक कच्चं) दोघांनी स्वतंत्र तपासावीत. २० पैकी ३ पेक्षा जास्त फरक पडला तर वर्णन वाचून चर्चा करायची, मगच खऱ्या परीक्षेला बसायचं. हे न केल्यास काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: ६० पैकी ४५ जणांना १४. आणखी एक खोड म्हणजे तुलना. फार छान बोललेल्या मुलीनंतर आलेल्या मुलाला दोन गुण कमी पडतात. हजेरीपटाच्या क्रमाने कधीच घेऊ नका, चिठ्ठ्या टाका.

प्रतिसाद १४ · केगावकर

@सात रस्ता, 'श्रोत्याला परत सांगता आलं' हे मोजायचं कसं?

प्रतिसाद १५ · सात रस्ता

ऐकणाऱ्यांना काम द्यायचं. भाषण संपलं की प्रत्येक जण चिठ्ठीवर एकच वाक्य लिहितो: 'याचं म्हणणं काय होतं?' दहाच्या गटात सहा जणांची वाक्यं जुळली नाहीत तर दोष मांडणीत. चिठ्ठ्या वक्त्याकडेच जातात. शिक्षकाच्या शेऱ्यापेक्षा त्या जास्त लागतात, आणि ऐकणाऱ्यालाही झोपता येत नाही. 'छान बोललास' हा शेरा मात्र बाद. शेरा द्यायचाच तर कुठल्या वाक्याला काय झालं ते सांगायचं.

प्रतिसाद १६ · अबोली

घाबरणाऱ्या मुलांसाठी: अमेरिकेतले जेम्स मॅक्रॉस्की यांची २४ विधानांची प्रश्नावली आहे. गटचर्चा, बैठक, दोघांतलं संभाषण, जाहीर भाषण या चार प्रसंगांची प्रत्येकी सहा विधानं. बेरीज २४ ते १२० मध्ये येते, ८० च्या वर म्हणजे भीती जास्त. पहिल्या आठवड्यात भरून घ्यावी. उपयोग बेरजेपेक्षा चार भागांचा: जाहीर भाषणाला घाबरणारा मुलगा जोडीत निवांत बोलत असतो, पण गटचर्चेला घाबरणाऱ्याची अडचण वेगळी असते. मराठी करताना काळजी एवढीच, की निम्मी विधानं उलटी आहेत ('मला घाबरायला होत नाही' या अर्थाची), त्यांचे गुण उलटे धरायचे. आणि हा कागद गुणांशी जोडायचा नाही, नाहीतर सगळेच निर्भय होतात.

चढण अशी: जोडी, मग चार, मग दहा, मग पूर्ण वर्ग. जो जोडीतही बोलत नाही त्याच्याकडून आधी फोनवर ध्वनिमुद्रण घ्यावं. चित्रफीत मागू नका, डेटा आणि चेहरा दोन्हींचा संकोच असतो. ६४ केबीपीएसचं तीन मिनिटांचं ध्वनिमुद्रण दीड एमबीच्या आत बसतं. तोतरं बोलणाऱ्याची वेळ मोजायची नाही, आणि त्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. दुसरी गोष्ट वर्गालाही सांगून ठेवावी लागते.

प्रतिसाद १७ · नवी पेठ

आता सगळे एआयकडून भाषण लिहून आणतात. त्यावर इलाज?

प्रतिसाद १८ · उत्तर कसबा

आणू देत. तीन मिनिटं भाषण, लगेच दोन मिनिटं प्रश्न. प्रश्न गटातल्या दोघांनी विचारायचे, ते त्या भाषणातूनच निघालेले हवेत: 'तुम्ही म्हणालात की अमुक, ते कशावरून?' अंतिम परीक्षेत भाषणाला सात रस्ता यांचे २० आणि प्रश्नोत्तरांना १० ठेवले तर आयतं भाषण आणणाऱ्याला तयारी करावीच लागते. उत्तर द्यायची पद्धतही शिकवायची: प्रश्न आपल्या शब्दांत परत म्हणणं, एका वाक्यात उत्तर, मग कारण. माहीत नसेल तर तसं सांगून जे माहीत आहे ते जोडणं. तोंडी परीक्षेला आणि नोकरीच्या मुलाखतीला हेच लागतं.

प्रतिसाद १९ · विजापूर वेस

गटचर्चा राहिली. कंपन्यांच्या निवडीत तीच असते आणि तिथेच आपली पोरं मार खातात. एक तर ओरडतात, नाहीतर गप्प.

प्रतिसाद २० · पद्मजा_अ

आठ जण आत, आठ बाहेरच्या गोलात. बाहेरच्या प्रत्येकाला आतला एक जण वाटून द्यायचा. त्याने फक्त खुणा करायच्या: नवा मुद्दा, दुसऱ्याच्या मुद्द्याला पुढे नेणं, कारणासह विरोध, गप्प माणसाला बोलतं करणं, मधेच तोडणं. १५ मिनिटांनी खुणा मोजून दाखवायच्या, मग गोल बदलायचा. 'पहिल्यांदा बोलेल त्याला गुण' हा समज आधी मोडावा लागतो, नाहीतर तिघं एकदम सुरू होतात. ज्याच्या कागदावर 'पुढे नेणं' शून्य आहे, त्याला पुढच्या फेरीत एकच अट घालायची: आधीच्या माणसाचं नाव घेऊन बोलायला सुरुवात करायची.

प्रतिसाद २१ · शेंगाचटणी

'लका, त्याचं बरोबर हाय पण...' हे पुढे नेण्यात धरता का तोडण्यात?

प्रतिसाद २२ · पद्मजा_अ

'पण'नंतर कारण आलं तर विरोधात. 'लका' बोनस.

प्रतिसाद २३ · स्टॉपवॉच

केगावकर सरांच्या मूळ हिशेबाकडे. वर्गाचे दहा-दहाचे सहा गट करा. एकेका गटात ३ मिनिटं भाषण, २ मिनिटं चिठ्ठ्या आणि प्रश्न. ५ गुणिले १०, म्हणजे ५० मिनिटं. एका तासात साठही जण बोलले. वेळ पाळणारा गटातलाच, दर वेळी नवा. शिक्षक एका तासाला एकाच गटात बसतो, म्हणजे सहा तासांत सगळे गट बघून होतात आणि तोवर प्रत्येकाची सहा भाषणं झालेली असतात.

३० तासांची वाटणी: ओळख आणि प्रश्नावली १, रचना व कार्डं ३, ४-३-२ ला ३, दहाच्या गटातली भाषणं ६, ऐकण्याचे सराव २, गटचर्चा ४, प्रश्नोत्तरं आणि मुलाखत ४, अंतिम परीक्षा ६. एक तास राखीव. अंतिम परीक्षेला ५ मिनिटांप्रमाणे ५ तास पुरतात, सहावा गैरहजरांसाठी. डिसेंबर-जानेवारीत सत्र सुरू होत असेल तर संक्रांतीच्या आठवड्यात काही ठेवू नका, सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवसांत वर्ग निम्मा असतो आणि दहाच्या गटात चारच उरतात.

प्रतिसाद २४ · नवी पेठ

शिक्षक नसलेल्या पाच गटांत खरंच भाषणं होतात का? की गप्पा?

प्रतिसाद २५ · स्टॉपवॉच

चिठ्ठ्या सांगतात. दहा जण बोलले तर गटाच्या पाकिटात ९० चिठ्ठ्या हव्यात. पाकीट तासाच्या शेवटी जमा. कमी निघाल्या तर पुढच्या तासाला शिक्षक त्या गटात.

प्रतिसाद २६ · केगावकर

बरंच हाती लागलं, वेळापत्रक बसवून बघतो. एक राहिलं: अंतिम परीक्षेला बाहेरचा परीक्षक मिळाला नाही तर दुसरा कोण?

प्रतिसाद २७ · सात रस्ता

दुसऱ्या विभागाचा शिक्षक. भौतिकशास्त्राचा असला तर उत्तमच, चादरीवरचं भाषण त्याला कळलं पाहिजे ही अट आपोआप पाळली जाते. फक्त ती तीन ध्वनिमुद्रणं त्याला आठवडाभर आधी पाठवा. आणि गुणपत्रकं दोघांची वेगळी ठेवा, एकाच कागदावर दोघांनी लिहिलं की दुसरा पहिल्याचे आकडे बघूनच भरतो.